सहा करंगळ्या आणि एक स्टूल

मावशींना नोकरीत बोलायला तीनच शब्द दिलेले होते: ‘हात लावू नका.’ त्यांच्या आधीच्या गृहस्थांनी हे तीन शब्द एकोणीस वर्षं इमानेइतबारे म्हटले आणि ते निवृत्त झाले. मावशींना मात्र पहिल्या महिन्यातच त्यांचा कंटाळा आला.

संग्रहालयाच्या दुसऱ्या मजल्यावर व्यक्तिचित्रांचं दालन आहे. दारातून आत गेलं की डाव्या हाताला एक लाकडी स्टूल, स्टुलावर घरून आणलेली चौकोनी उशी आणि उशीवर मावशी. बावीस वर्षं. भिंतींवर चौदा चित्रं आहेत आणि पंधरावं स्टुलावर, असं तिथले लोक म्हणत. “पंधरावं चहा पितं, एवढाच फरक,” असं मावशी म्हणत.

मी तिथे सहा महिन्यांसाठी लागले होते. चित्रांखालच्या जुन्या पाट्या पिवळ्या पडल्या होत्या, त्या नव्याने लिहायच्या होत्या. पहिल्या दिवशी मावशींनी माझं नाव विचारलं, नीट ऐकून घेतलं आणि त्या क्षणापासून मला ‘लेबलबाई’ म्हणायला सुरुवात केली.

शाळांच्या सहली आल्या की मुलांना या दालनासाठी चार मिनिटं मिळत. तळमजल्यावर देवमाशाचा सांगाडा होता, तिथे पाऊण तास जाई. मग जिना, मग आमचं दालन, मग स्वच्छतागृह, मग डबे. म्हणजे खरं सांगायचं तर व्यक्तिचित्रं ही देवमासा आणि स्वच्छतागृह यांच्यामधली वाट होती. मुलं रांगेत येत, एकमेकांच्या पाठीत बोटं खुपसत पुढे सरकत आणि चौदा मोठी माणसं भिंतीवरून त्यांच्या डोक्यावरून पलीकडे बघत राहत.

मावशी त्यांना थांबवत नसत. रांग निम्मी पुढे गेली की त्या उशीवरून न हलता, कुणाकडेही न बघता, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणत, “यातला एकजण चित्रकारावर जाम चिडलाय. बावीस वर्षं झाली, कोण ते मला कळेना.”

रांग थांबे.

“हा!” कुणीतरी कापडाच्या व्यापाऱ्याकडे बोट दाखवी.

“कशावरून?”

“त्याच्या नाकपुड्या बघा ना, फुगल्यात.”

“सर्दी झाली असेल त्याला.”

“सर्दी झाली की तोंड उघडं राहतं मावशी. याचं बंद आहे.”

“हां,” मावशी मान हलवत. “म्हणजे सर्दी नाही. पुढे?”

पुढे मग गोंधळ. नाकपुड्यांवाले एका बाजूला, भुवयांवाले दुसऱ्या बाजूला. कुणी म्हणे न्यायाधीश चिडलाय, कारण त्याने खुर्चीचा हात घट्ट धरलाय. कुणी म्हणे तो चिडलेला नाही, त्याला उठायचंय. मावशींचा नियम एकच होता आणि तो त्या सगळ्यांना सारखाच लावत: “वाटतं ते सांगू नकोस, दिसतं ते सांग. वाटतं ते नंतर.” मुलं दमून शेवटी विचारत, “पण मावशी, उत्तर काय?”

“मला काय माहीत? मी काय त्यांच्या लग्नाला गेले होते?”

उत्तर त्या कधीच देत नसत. सहलीबरोबर आलेल्या बाई घड्याळ दाखवत, रांग पुढे ढकलत, आणि मुलं मान वळवून वळवून मागे बघत जात. दरवाजातून शेवटचं पोर बाहेर पडेपर्यंत भांडण चालू असे. मी कधी कधी खिडकीतून बघितलंय, डबे उघडेपर्यंत नाकपुड्यांवाल्यांनी भुवयांवाल्यांशी कट्टी घेतलेली असे.

मावशींची आणखी एक युक्ती म्हणजे मुलांना चित्रासारखं बसवणं. एकदा एक गुबगुबीत मुलगा न्यायाधीशासारखा बसला: मान ताठ, हनुवटी वर, एक हात खुर्चीवर. अर्ध्या मिनिटात म्हणाला, “मावशी, मान दुखते.”

“त्यांचीही दुखत असणार. बघ बरं आता त्यांच्याकडे.”

त्याने मान न हलवता डोळे वर केले. “हो, दुखतेय,” तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, “बिचारे.” त्या न्यायाधीशाला अख्ख्या शहरात कुणी बिचारे म्हटलं असेल, तर ते त्या दिवशीच.

आणि वाळूचं घड्याळ. नातवाच्या कुठल्याशा खेळातलं, अंगठ्याएवढं, तीन मिनिटांचं. ते मावशींच्या ओच्यात असे. वाळू संपेपर्यंत एकाच चेहऱ्याकडे बघायचं, तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. मी विचारलं, तीनच मिनिटं का? तर म्हणाल्या, “आमच्याकडचं माप आहे ते.”

आमच्याकडचं म्हणजे त्यांच्या यजमानांचं. त्यांचं केस कापायचं दुकान होतं, दोन खुर्च्यांचं, घराच्याच पुढच्या खोलीत. त्यांचं म्हणणं असं की गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की पहिली तीन मिनिटं आरशासाठी तोंड करून बसतं. गाल आत, हनुवटी वर, भुवई जराशी चढवलेली. मग ते विसरतं. तिसऱ्या मिनिटाला जे तोंड येतं ते खरं, आणि न्हाव्याने कात्री चालवायची ती त्या तोंडावर. “ते जिवंत तोंडांचं बघतात, मी मेलेल्यांचं,” मावशी म्हणत. “दोन्हीकडे तिसऱ्या मिनिटाला गिऱ्हाईक हलतंच.”

आता करंगळीचं.

दर सोमवारी दालन बंद असे तेव्हा मावशी मऊ ब्रशने चौकटींवरची धूळ काढत. चित्राला हात लावायची त्यांनाही परवानगी नव्हती, फक्त चौकटींना. वरची पट्टी शिडीवरून, बाजूच्या उभ्याने, आणि खालची पट्टी गुडघ्यांवर बसून. गुडघ्यांवर बसलं की डोळ्यांसमोर चेहरा येत नाही, हात येतात. नोकरीच्या नवव्या वर्षी, एका सोमवारी, न्यायाधीशाची खालची पट्टी पुसून त्या डॉक्टरांच्या खालच्या पट्टीशी सरकल्या आणि त्यांना वाटलं आपण सरकलोच नाही. तोच हात. तीच लांब बोटं, अंगठ्याच्या बुंध्याशी तीच शीर आणि तीच करंगळी: दुसऱ्या पेरापाशी वाकून बाहेर निघालेली, फांदीसारखी.

चौदापैकी नऊ चित्रं एकाच चित्रकाराची होती. त्या नवांतल्या सहांत हात दिसत होते: डॉक्टर, न्यायाधीश, कापडाचा व्यापारी, घड्याळजी, मुख्याध्यापिका आणि गायिका. सहाही ठिकाणी तीच करंगळी. गायिकेच्या हातात तीन अंगठ्या होत्या, पण अंगठ्यांखाली बोटं त्याच बाप्याची.

पुढे चित्रं दुरुस्त करणारे एक गृहस्थ आले होते, त्यांना मावशींनी सहज म्हणून विचारलं. ते म्हणाले, त्यात नवल काही नाही. मोठ्या माणसांना वेळ नसे. ती चेहऱ्यापुरती बसून निघून जात. मग त्यांचा कोट अंगात चढवून दुसरंच कुणीतरी तासन्‌तास बसे, आणि चित्रकार हात रंगवी ते त्याचे.

“कोण?” मावशींनी विचारलं.

“असेल कुणी. रंग खलणारा, झाडलोट करणारा. नाव कोण लिहितं?”

हे मावशींनी मला सांगितलं ते मी डॉक्टरांची पाटी छापून आणली तेव्हा. पाटीवर मी मोठ्या हौसेने लिहिलं होतं: ‘शल्यक्रियेत निष्णात असलेल्या डॉक्टरांचे संवेदनशील हात चित्रकाराने विशेष आत्मीयतेने टिपले आहेत.’ मावशींनी ती दोनदा वाचली.

“लेबलबाई, हे वाचून लिहिलंस की बघून?”

मी जुन्या पुस्तिकेतून वाचून लिहिलं होतं. मग त्यांनी मला गुडघ्यांवर बसवलं आणि त्या सहाही चित्रांसमोरून सरकवत नेलं. मी उठले तेव्हा माझे गुडघे धुळीने माखले होते आणि मावशी स्टुलावर बसून खुदुखुदु हसत होत्या. पाटी मात्र छापून झाली होती. तशीच लागली.

मुलांना हे बघायला गुडघ्यांवर बसावं लागत नाही. चित्रं मोठ्यांच्या उंचीने टांगलेली असतात. मोठ्यांच्या डोळ्यांसमोर चेहरा येतो, मुलांच्या डोळ्यांसमोर हात. त्यामुळे अधूनमधून, एखादा वर्ग चांगला भांडणारा निघाला, तर मावशी शेवटचा प्रश्न टाकत: “इथे कुणाची बोटं ओळखीची वाटतात का?” आणि वाळूचं घड्याळ उलटं करत.

अशाच एका वर्गात नऊ वर्षांची एक मुलगी होती. दोन घट्ट वेण्या, आणि पाण्याची बाटली धरायची तर करंगळी वाकडी करून, बाहेर काढून धरायची. वाळू संपली तेव्हा ती डॉक्टरांच्या चित्राखालून न्यायाधीशाच्या चित्राखाली, तिथून गायिकेच्या चित्राखाली गेली आणि परत आली.

“मावशी, हे माझे खापरपणजोबा आहेत,” डॉक्टरांकडे बोट दाखवत ती म्हणाली. “आणि ही आमच्या घराण्याची करंगळी आहे. आमच्याकडे सगळ्यांना अशी ठेवावी लागते.”

“ठेवावी लागते?”

“हो. आजोबा म्हणतात खूण आहे. पण मग ती या बाईकडे कशी?”

“मला काय माहीत?” मावशी म्हणाल्या. पण एवढं म्हणून, त्यांनीच मला नंतर सांगितलं, त्यांनी घड्याळ लगेच ओच्यात टाकलं. कारण या मुलीचे आजोबा म्हणजे संग्रहालयाचे विश्वस्त. डॉक्टरांचं चित्र त्यांच्याच घरातून आलेलं.

मुलीने त्याच संध्याकाळी घरी जेवताना सगळ्यांसमोर जाहीर केलं, की आपलं बोट आपलं नाहीच, ते गायिकेचंही आहे आणि घड्याळजीचंही. पुढे तिथे काय झालं असेल ते मला माहीत नाही. तिसऱ्या दिवशी पत्र आलं.

संग्रहालयाचे प्रमुख, ज्यांना आम्ही सर म्हणत असू, स्वभावाने गरीब. कुणी मोठ्याने बोललं की ते चष्मा काढून पुसायला लागत. त्यांनी मावशींना बोलावलं, आणि पाटी माझी म्हणून मलाही.

“‘सदर परिचर महिला,’” त्यांनी पत्र वाचलं, “‘लहान मुलांना आमच्या कैलासवासी आजोबांच्या हातांविषयी धादांत खोटी माहिती सांगते.’ काय सांगितलंत मावशी तुम्ही?”

“काही नाही.”

“काही नाही कसं?”

“सांगितलं नाही सर. विचारलं.”

“काय विचारलं?”

“बोटं ओळखीची वाटतात का?”

“मग?”

“मुलं म्हणाली, वाटतात.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, बघा बुवा.”

सरांनी चष्मा काढला. “मी विश्वस्तांना उत्तर काय लिहू? ‘बघा बुवा’?”

“लिहा की. त्यात खोटं काय आहे?”

मला हसू आवरेना म्हणून मी खिडकीबाहेर बघायला लागले. सर चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, “बुधवारी विश्वस्तांच्या नातीचा वर्ग पुन्हा यायचाय. परवा डब्यांची वेळ झाली आणि त्यांचं अर्धं संग्रहालय बघायचं राहिलं. विश्वस्त स्वतः येऊन बसणार आहेत. त्यांना पटलं तर ठीक. नाहीतर मावशी, तळघरात खनिजांच्या दालनाला माणूस नाहीये, तिथे तुमची बदली करावी लागेल. माझ्या हातात नाही ते.”

“दगडांच्या?”

“खनिजांच्या.”

“तिथे कुणी येतं?”

“फारसं नाही.”

“निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत माझी,” मावशी म्हणाल्या. “दगडांना तोंड नसतं सर. मी दोन वर्षं कुणाकडे बघू?”

हे त्या थट्टेने म्हणाल्या नव्हत्या. सरांना ते कळलं, म्हणून त्यांनी चष्मा डोळ्यांवर न ठेवता तसाच हातात धरून ठेवला.

संध्याकाळी मी मावशींबरोबर त्यांच्या घरापर्यंत गेले. पुढच्या खोलीत यजमान एका गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावत होते. सगळं ऐकून घेतल्यावर ब्रश न थांबवता म्हणाले, “चुकलं म्हणून मोकळी हो ना. विषय संपेल.”

“पण चुकलं काय?”

“काही नाही. मी रोज म्हणतो. केस आधीच विरळ असतात, गिऱ्हाईक म्हणतं तुम्ही जास्त काढले. मी म्हणतो, चुकलं. जातं बिचारं खूश होऊन.”

“तुमचं गिऱ्हाईक आरशात स्वतःला बघतं. माझ्याकडचं दुसऱ्याला बघायला शिकतं. त्याला मी चुकलं कसं म्हणू?”

“मग निदान हातांचं विचारू नकोस त्या दिवशी. नाकपुड्यांवर भागव.”

गालाला साबण असलेलं गिऱ्हाईक आरशातून आम्हा तिघांकडे बघत होतं. तेही म्हणालं, “वहिनी, नाकपुड्यांवरच भागवा.”

मावशींनी कबूल केलं.

बुधवारी विश्वस्त वर्गाच्या आधीच येऊन बसले. उंच, ताठ, कडक इस्त्रीचा कोट, मांडीवर जाड पुस्तक. सरांनी त्यांच्यासाठी कार्यालयातली हातांची खुर्ची मागवून घेतली होती आणि ती नेमकी डॉक्टरांच्या चित्राच्या बाजूला ठेवली होती. कपबशीतला चहा ते करंगळी बाहेर काढून पीत होते. करंगळी वाकलेली, हुबेहूब चित्रातल्यासारखी. सर चष्मा पुसत दारापाशी उभे होते. मी पाट्यांचं काहीतरी काम काढून कोपऱ्यात.

एकतीस मुलं आली. मावशींनी चिडलेल्या माणसाचा प्रश्न टाकला, नाकपुड्या निघाल्या, भुवया निघाल्या, भांडण जमलं. विश्वस्त कपाळाला आठी घालून ऐकत होते, पण एकदा, कुणीतरी घड्याळजीबद्दल “याला शिंक आलीय आणि चित्रकार शिंकू देत नाहीये” म्हणालं तेव्हा, त्यांच्या ओठाचा कोपरा हललाच. सगळं सुरळीत चाललं होतं. मावशींनी हातांचा ‘ह’ काढला नव्हता.

तेवढ्यात दोन वेण्यांनी विचारलं, “मावशी, आज बोटांचं नाही का विचारणार?”

“आज नको.”

“का?”

“का नको?” विश्वस्त म्हणाले. त्यांनी कपबशी खाली ठेवली. “विचारा ना बाई. मी त्यासाठीच आलोय. काय दाखवता मुलांना, मलाही बघू दे.”

सरांनी चष्मा काढला.

मावशींचा हात ओच्याकडे गेला. मग म्हणाल्या, “साहेब, मग एक विनंती आहे. चित्रकारापुढे माणूस कसा बसतो हे या मुलांनी कधी बघितलेलं नाही. तुम्ही तीन मिनिटं बसाल? डॉक्टरसाहेब बसलेत तसे. तुमच्याइतकं कुणाला साधायचं नाही ते.”

हे त्यांनी मुद्दाम केलं की सुचलं म्हणून केलं, ते मला आजही सांगता येणार नाही. मी त्यांचा चेहरा बघायला गेले, पण त्या वाळूचं घड्याळ पुसत होत्या.

विश्वस्तांना ते आवडलं. त्यांनी कोट सारखा केला, डावा हात खुर्चीवर, उजवा मांडीवरच्या पुस्तकावर, करंगळी वाकवून बाहेर. हनुवटी वर. चित्राशेजारी चित्र. मुलांनी “ओहो” केलं.

“आता वाळू संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही,” मावशी म्हणाल्या. “फक्त बघायचं. काय बदलतं ते.”

दालनात एकतीस मुलं इतकी गप्प बसलेली मी त्याआधी बघितली नव्हती. वाळू पडत होती. पहिलं मिनिट विश्वस्तांनी उत्तम काढलं. दुसऱ्या मिनिटाला हनुवटी जराशी उतरली, मग आणखी जराशी. त्यांची नजर समोरच्या मुलांवरून खिडकीकडे गेली. बाहेर कुणीतरी शिडी ओढत नेत होतं, त्या आवाजाकडे त्यांचं लक्ष लागलं. कपाळावरची आठी कुठे गेली कळलं नाही. आणि तिसऱ्या मिनिटात, पुस्तकाच्या पाठीवर, करंगळी हळूहळू आत आली, खाली आली आणि बाकीच्या बोटांशेजारी जाऊन सरळ पडून राहिली.

पुढच्या रांगेतल्या एका मुलाने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं. मागे कुणीतरी कुणाला तरी कोपर मारलं. पण नियम तो नियम, कुणी हूं की चूं केलं नाही.

“झालं,” मावशी म्हणाल्या. “सांगा. वाटतं ते नाही, दिसतं ते.”

“हनुवटी खाली आली.”

“एक डोळा बारीक झाला.”

“पोट बाहेर आलं!”

हशा पिकला. विश्वस्तांनी पोट आत घेतलं. “बरं, आणखी?” ते म्हणाले. आवाजात मघाची धार नव्हती.

मुलांच्या नजरा पुस्तकाकडे गेल्या आणि परत आल्या. सगळ्यांनी बघितलं होतं, हे त्यावरूनच कळत होतं. शेवटी दोन वेण्या उभ्या राहिल्या.

“आजोबा, तुमचं बोट सरळ झालंय.”

विश्वस्तांनी खाली बघितलं. पुस्तकावर त्यांचा हात होता, म्हाताऱ्या माणसाचा साधा हात, पाच सरळ बोटांचा. त्यांनी करंगळी वाकवली. सोडली. ती पुन्हा सरळ झाली. दुसऱ्या कुणाचा तरी हात आपल्या मांडीवर राहून गेलाय, असे ते त्या करंगळीकडे बघत होते.

मग ते उठले आणि डॉक्टरांच्या चित्रासमोर वाकले. त्यांची उंची बरीच, त्यामुळे हात नीट दिसायला त्यांना कमरेतून वाकावं लागलं. तिथून तसेच वाकलेले न्यायाधीशाकडे. मग व्यापारी, घड्याळजी, मुख्याध्यापिका. एकतीस मुलं त्यांच्या मागून मागून चालली होती. गायिकेपाशी ते फार वेळ थांबले.

“हिचीसुद्धा?” ते म्हणाले.

“मला काय माहीत साहेब?” मावशी म्हणाल्या, पण हळू.

विश्वस्त सरळ उभे राहिले. “माझे वडील तीन वर्षांचे असताना आजोबा गेले. त्यांचा फोटो नाही, काही नाही. हे एवढंच चित्र. वडील सांगायचे, बघ, हा आपला हात.” त्यांनी पुन्हा गायिकेच्या अंगठ्यांकडे बघितलं. “मग आजोबांचा हात कसा होता?”

“मला खरंच माहीत नाही साहेब,” मावशी म्हणाल्या.

“तुमच्यासारखाच असेल की,” मघाशी तोंड दाबून बसलेला मुलगा म्हणाला. त्याला त्यात अवघड काही दिसत नव्हतं.

दोन वेण्या पुढे आल्या आणि त्यांनी आजोबांचा हात उचलून त्याशेजारी आपला हात धरला. दोन्ही करंगळ्या सरळ. “सारखाच आहे,” ती म्हणाली. “फक्त तुमचा सुरकुतलाय.”

“जेवताना वडील बोटावर टिचकी मारायचे,” विश्वस्त तिला म्हणाले. “सरळ झालं की टिचकी.”

“तुम्ही पण मला मारता.”

वर्ग खो खो हसला. विश्वस्त कानांपर्यंत लाल झाले. मग तेही हसले, आणि हसताना पोट बाहेर आलं ते त्यांनी आत घेतलं नाही.

जाताना त्यांनी सरांकडून आपलं पत्र मागून घेतलं आणि घडी करून कोटाच्या खिशात टाकलं. सरांनी इतक्या घाईने चष्मा डोळ्यांवर चढवला की तो तिरका बसला. दारात विश्वस्त मावशींच्या स्टुलापाशी थांबले.

“बाई, तुमची जागा तुमच्याकडेच राहील. पण एक अट आहे. हे हातांचं तुम्ही मुलांना सांगायचं नाही.”

“मी कधीच सांगत नाही साहेब,” मावशी म्हणाल्या. “मी फक्त विचारते.”

त्यांनी मावशींकडे जरा वेळ बघितलं आणि मान हलवून जिना उतरून गेले.

डॉक्टरांची पाटी मी बदलली. ‘संवेदनशील हात’ गेले, नाव, साल आणि तैलरंग एवढंच उरलं. मग मला वाटलं, सहा चित्रांत बसलेल्या त्या बिननावाच्या माणसासाठीही एक छोटी पाटी असावी. मी ती लिहून मावशींना दाखवली. त्यांनी वाचली आणि घडी करून उशीखाली ठेवली.

“चांगली आहे. पण लावू नकोस. लावलीस की मुलं पाटी वाचतील, हात बघणार नाहीत.”

“त्याचं तोंड कसं असेल हो मावशी?”

“मी दर सोमवारी विचार करते,” त्या म्हणाल्या. “मोठी माणसं घरी गेली, आणि हा दुसऱ्याचा कोट घालून बसून राहिला. अवघडला असेल. कुणाची तरी वाट बघत असेल. त्यालाही स्टूलच दिलं असणार, खुर्ची नाही.” एवढं बोलून त्यांनी उशी ठीकठाक केली.

माझे सहा महिने संपत आले तेव्हा विश्वस्त बुधवारी येऊन बसायला लागले होते. कामाचं म्हणून येत आणि दालनातून हलत नसत. हातांची खुर्ची तिथेच राहिली होती. कपबशी आता ते कशीही धरत. माझ्या शेवटच्या बुधवारी एक सहल आली, रांग निम्मी पुढे सरकली, मावशी तोंड उघडणार इतक्यात विश्वस्तच खुर्चीतून म्हणाले, “मुलांनो, गंमत माहितीये का? या सहा जणांचे हात एकाच—”

“साहेब!” मावशी स्टुलावरून जवळजवळ उठल्याच. माझ्या सहा महिन्यांत त्या पहिल्यांदाच मुलांसमोर उठलेल्या मी बघितल्या. “सांगू नका. विचारा.”

विश्वस्त ओशाळले. रांग थांबून दोघांकडे आळीपाळीने बघत होती. त्यांनी घसा खाकरला, खिडकीकडे तोंड केलं आणि स्वतःशीच बोलल्यासारखं, जरा जास्तच मोठ्याने म्हणाले, “इथे कुणाची बोटं ओळखीची वाटतात का?”

मावशींनी ओच्यातून घड्याळ काढलं आणि उलटं केलं.